मागच्या चाकाचा सूर

मी गाणं शिकवते. सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, गेली तीस वर्षं. एखादीचा निषाद केसभर उतरला तर मी स्वयंपाकघरात फोडणी देता देता ओरडते. माझ्याकडून एकदाही रडत घरी न गेलेली विद्यार्थिनी शोधून सापडायची नाही, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमानच वाटायचा. आपल्याला कान आहे म्हणजे आहे. त्यात लाजायचं काय?

आणि हीच बाई, कानांवर पोट भरणारी, तीन महिने एका मोडत चाललेल्या चाकाच्या आवाजावर खुशाल गात बसली होती.

गाडी माझी लहानशी, अकरा वर्षांची. हे गेल्यापासून मीच चालवते. मुलगा नोकरीसाठी बंगळुरात, पंधरा दिवसांनी येतो. सून आणि सहा वर्षांची नात कात्रजला राहतात. सुनेचं काम कॉम्प्युटरवरचं, आणि शनिवारी सकाळी तिच्या हमखास मीटिंगा असतात. म्हणून दर शनिवारी सात वाजता मी कात्रजला जायची, नातीला गाडीत घालून पेठेत आणायची, क्लासमध्ये बसवायची आणि दुपारी जेवू घालून परत पोचवायची. आठवड्यातला माझा सगळ्यात आवडता दिवस.

दिवाळीच्या जरा आधी गाडीतून घूंऽऽ असा आवाज यायला लागला. मागून कुठून तरी. आधी मला वाटलं रस्त्याचा असेल. आपल्याकडे निम्मे रस्ते सिमेंटचे आणि निम्मे खोदलेले, सिमेंटवर टायर गुणगुणतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मग तो डांबरी रस्त्यावरही यायला लागला. मग म्हटलं, टायर झिजले असतील, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू. आणि मग एके शनिवारी, बालाजीनगरच्या पुढे रस्ता रिकामा मिळाला, काटा पन्नासवर स्थिर राहिला, आणि मी कान टवकारले. हात्तिच्या! ही तर काळी चार! माझी स्वतःची पट्टी, ज्या पट्टीत मी जन्मभर गाते आहे ती. गाडीने चक्क माझा षड्ज धरला होता.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. नातीने विचारलं, "आजी, गाडी गाते?"

"गात नाही, सूर धरते. तंबोरा कसा धरतो? तसा. आता तू गा."

झालं. त्या दिवसापासून आमचा रियाज गाडीत सुरू झाला. मी पन्नासचा वेग सांभाळायची, चाक सा द्यायचं, आणि पोरगी मागे पट्टा बांधून पलटे घ्यायची. वेग वाढला की सूर चढायचा, म्हणून मी पुढच्यांना ओलांडायची नाही आणि मागच्यांचे हॉर्न ऐकायची नाही. क्लासमध्ये मोठ्या मुलींना मी टोमणाही मारला, "तुम्हाला तंबोरा जुळवायला पाव तास लागतो. माझी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये जुळते." सगळ्या हसल्या. मीही हसले. बाई गं, मीही हसले!

एकदा पुलावरून खाली उतरताना रस्ता उजवीकडे वळतो तिथे नात गाता गाता थांबली. म्हणाली, "आजी, इकडे वळलं की सा जाड होतो."

मी म्हटलं, "सा जाड होत नसतो, आपला आवाज जाड होतो. लक्ष दे आणि पुढचा पलटा घे."

आज मला माहीत आहे की वळणावर गाडीचं वजन एका बाजूच्या चाकांवर येतं, आणि त्यातलं बेअरिंग झिजलेलं असेल तर नेमका तिथेच आवाज वाढतो. दुखणं कोणत्या चाकात आहे हे गॅरेजवाले त्यावरूनच ओळखतात. सहा वर्षांच्या पोरीने मला दुखणं बोट लावून दाखवलं होतं, आणि मी तिचाच सूर दुरुस्त करत होते. ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

जानेवारीत व्याह्यांचा फोन आला. सुनेचे वडील बोगद्यापलीकडच्या गावात शेती करतात. मोठं खटलं आहे, ट्रॅक्टर आहे, गोठा आहे. माणूस सरळ, बोलायला मवाळ. मुलीच्या सासूशी बोलायचं म्हणून माझ्याशी तर अगदीच जपून बोलतात, फोनवरही उभं राहून बोलत असावेत असं वाटतं.

"विहीणबाई, मटार निघालाय यंदा चांगला. रविवारी या जेवायला. पोरींना घेऊन या."

मी म्हटलं, "येऊ की. बसने येतो, गर्दीच्या वेळेआधी."

"न्हाई न्हाई, बस कशाला? तुमची गाडीच आणा. गाडीच आणा तुम्ही. मटाराची पिशवी टाकून देतो मागं."

गाडीच आणा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. मी मनात म्हटलं, एका पिशवीला गाडी कशाला? पण बोलावणाऱ्याला कारण विचारू नये, एवढं मला कळतं.

रविवारी साडेआठला कात्रजहून निघालो. सून माझ्या शेजारी, नात मागे. हायवेला लागल्यावर मी काटा सत्तरवर नेला, कारण तिथे पन्नासने गेलं तर ट्रकवाले अंगावर येतात. सूर चांगलाच चढला आणि त्यात एक खरखर मिसळली, घशात कफ असल्यासारखी. मला वाटलं, थंडीने असेल. हो, असंच वाटलं! गाडीला थंडी! सून काही बोलत नव्हती. दोन्ही हातांनी वरची मूठ धरून बसली होती. ही कधीच फारशी बोलत नाही, म्हणून मीही लक्ष दिलं नाही.

बोगद्यात शिरलो आणि तो आवाज चारही भिंतींवरून अंगावर आला. एका बाजूला ट्रक, मागे बस, पुढे टँकर. नात टाळ्या पिटून म्हणाली, "आजी, केवढा मोठा तंबोरा!"

मी म्हटलं, "मग लाव की सूर!"

आणि तिने लावला. बोगद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माझी नात त्या आवाजावर सा लावून होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कौतुकाने! पुढे काय बघितलं ते बघेपर्यंत, आयुष्यातले फार सुंदर क्षण मोजायला सांगितले असते तर हा मी त्यात मोजला असता.

गावातल्या अंगणात गाडी वळवली तेव्हा व्याही पायरीवर उभेच होते. या म्हणाले नाहीत, राम राम नाही. तडक पुढे आले आणि हात आडवा धरून म्हणाले, "बंद करा. गाडी बंद करा आधी."

मला राग आला. मी काच खाली करून म्हटलं, "अहो, निदान या तरी म्हणा! मुलीच्या सासरची माणसं आहोत."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सुनेला म्हणाले, "पोरीला आत ने." आणि मागच्या डाव्या चाकापाशी उकिडवे बसले. नुसता तळवा जवळ नेला आणि झटक्यात मागे घेतला. मग मला म्हणाले, "विहीणबाई, हिकडं या. हात लावू नका. लांबनंच बघा."

मी वाकले. वीतभर लांबून गालाला झळ लागली. तव्यावर भाकरी टाकण्याआधी हात धरून बघतो ना, तशी. आणि वास येत होता, जळक्या तेलाचा. मी म्हटलं, "ब्रेक लागले असतील सारखे."

"बिरेकनं एकच चाक तापतंय व्हय?" ते म्हणाले. मग उठून दुसऱ्या बाजूच्या चाकाला सरळ तळहात लावून दाखवला. ते चाक कोमट होतं.

त्यांनी ट्रॅक्टरचा जॅक आणला, गाडी उचलली आणि अर्धा तास तशीच निवू दिली. तेवढ्यात चहा झाला. मी चहा घेतला. दोन चाकांतला फरक मी डोळ्यांनी बघितला होता, तरी मला वाटत होतं की हा माणूस उगाच बाऊ करतो आहे. मग त्यांनी मला हाक मारली, चाक वरून एका हाताने आणि खालून दुसऱ्या हाताने धरलं, आणि हलवलं.

चाक हललं.

फिरलं नाही, हललं. वरचा भाग बाहेर, खालचा आत, मग उलट. खट्, खट्, खट्. दुधाचा दात पडायला आला की जिभेने हलतो ना, तसं ते आख्खं लोखंडी चाक त्यांच्या हातात हलत होतं. मी तोंडावर हात धरला.

"ह्याच्यावर तुमी बोगद्यातनं आलात," ते म्हणाले. रागावून नाही म्हणाले.

मग त्यांनी चाक काढलं, मधली टोपी उडवली, नट सोडवला आणि आतला ड्रम ओढून काढला. त्याबरोबर खालच्या पाटीत काहीतरी टणटण पडलं. पत्र्याचे तुकडे आणि दोन-तीन गोळ्या. छऱ्यासारख्या. त्या गुळगुळीत असायला हव्यात म्हणे. या खवल्या गेल्या होत्या आणि निळ्या पडल्या होत्या. ग्रीस नावाची गोष्ट उरलीच नव्हती, नुसती काळी राख. ज्या दांड्यावर चाक बसतं त्याच्यावर बोट घालता येईल एवढा खोल चरा पडला होता.

ते एकेक करून दाखवत गेले. त्या गोळ्या पत्र्याच्या कडीत बसतात, त्यांच्यावर चाक फिरतं. कडी तुटली की गोळ्या एका बाजूला गोळा होतात आणि चाक डुलायला लागतं. डुलता डुलता तापतं. तापता तापता एक तर जागच्या जागी जाम होतं, म्हणजे गाडी रस्त्यावर गरकन फिरते, नाही तर दांडा झिजून तुटतो आणि चाक आपलं आपण निघून जातं. पुढे. गाडीच्याही पुढे. "आमच्या ट्रालीचं गेलं होतं एकदा," ते म्हणाले. "उसाच्या फडात सापडलं. ट्राली रिकामी होती म्हणून बरं. पावसाळ्यात गाडी पाण्यातनं घातली होती का?"

घातली होती. पाण्यात बंद पडलेल्या रिक्षांच्या शेजारून, गुडघाभर पाण्यातून, ऐटीत.

"पाणी शिरलं की ग्रीस जातंय. मग आवाज यायला लागतो. आवाज आला की थांबायचं असतं, विहीणबाई. तेवढंच सांगतंय ते बेअरिंग. दुसरं काय सांगणार?"

मी तिथेच धुळीत बसले. नवी साडी होती, बसले. डोळ्यांसमोर तो बोगदाच दिसत होता. शेजारचा ट्रक, मागची बस. तिथे चाक जाम झालं असतं तर? तिथे ते निघून गेलं असतं तर? आणि मी काय करत होते त्या वेळी? मी तिला सूर लाव म्हणत होते! त्या मोडक्या लोखंडाला दाद देत होते! सुनेच्या आईने पाणी आणलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

पाणी प्यायल्यावर मात्र माझी जीभ ठिकाणावर आली आणि मी, मी कसली गप्प बसते, व्याह्यांवरच घसरले. "तुम्ही गाडी नुसती अंगणात वळताना ऐकून ओळखलंत?"

ते खाली बघत फडक्याने पाना पुसत राहिले. मग म्हणाले, "आज न्हाई. तुळशीच्या लग्नाला तुमी आला होता, तवाच ऐकलं."

"दोन महिन्यांपूर्वी? आणि बोलला नाहीत?"

त्यांनी पाना जमिनीवर ठेवला.

"अहो, माझ्या नातीचा जीव, तुमच्याही नातीचा! आणि तुम्ही गप्प बसलात?"

"आता तुमच्याम्होरं आवाजाचं काय बोलायचं?" ते हळूच म्हणाले.

त्या क्षणी मला आठवलं आणि कानशिलं तापली. नातीचा पाचवा वाढदिवस, कात्रजचा हॉल. मी गायला बसले होते. स्पीकरमधून बारीक गुणगुण येत होती. हे बिचारे पुढे येऊन म्हणाले होते, "कुठंतरी वायर लूज हाय, आवाज येतोय बघा." आणि मी, भरल्या हॉलसमोर, माइकवरून म्हटलं होतं, "व्याहीबुवा, आवाजाचं माझ्यावर सोडा. आपण जेवणाचं बघा." लोक खो खो हसले होते. मला ते फार मार्मिक वाटलं होतं. घरी येऊन मी ते दोन मैत्रिणींना फोनवर रंगवून सांगितलंही होतं.

"मग मटार?" मी विचारलं.

"मटार हायेत की," ते घाईने म्हणाले. "निघालेत खरंच. पण म्हटलं गाडी हितं आली की मीच बघून टाकीन. तुमच्या कानावर न घालता. बेअरिंग आणून ठेवलंय परवाच." त्यांनी ओट्यावरची एक छोटं खोकं दाखवलं. "एवढं बिघडलं आसंल असं वाटलं न्हवतं मला. आईशप्पथ न्हवतं वाटलं. न्हाई तर हायवेनं आणा म्हटलं असतं का?"

ऐका! मुलाच्या आईला तिची गाडी खराब आहे असं तोंडावर सांगायचं नाही, म्हणून तिला मटाराचं आमंत्रण द्यायचं. आणि त्या आमंत्रणासाठी तीच गाडी, तीच पोर मागे बसवून, सत्तरच्या वेगाने बोगद्यातून आणवायची. मला त्यांचा गळा धरावासा वाटला आणि त्याच वेळी त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही. नुसती त्या खोक्याकडे बघत राहिले. माझा मान राखायचा म्हणून हा माणूस मला चोरून माझी गाडी दुरुस्त करणार होता.

त्यांनी नवं बेअरिंग बसवायला नकार दिला. दांडाच गेला होता, तो बदलल्याशिवाय काही उपयोग नव्हता. गाडी तिथेच राहणार, आणि आम्हाला ते संध्याकाळच्या आत आपल्या जीपने कात्रजला सोडणार असं ठरलं. नात अंगणात मटार सोलत बसली होती. एक भांड्यात, दोन तोंडात. तिला काहीच कळलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं की मला पुन्हा पुन्हा ते खट् खट् ऐकू येत होतं.

सून गाडीपाशी उभी होती. आतलं सामान काढत होती, नातीची पाण्याची बाटली, स्वेटर, माझी छत्री. मी उठून तिच्याकडे गेले. खरं तर मला रडायचं होतं, पण मला रडायच्या आधी ओरडायची सवय आहे.

"तुझ्या वडिलांनी तुला सांगितलं होतं?"

"हो आई." ती बाटली पुसत म्हणाली.

"कधी?"

"तुळशीच्या लग्नाहून आलो त्याच रात्री फोनवर. म्हणाले, मागचं डावं चाक आहे, सासूबाईंना सांग."

"मग? दोन महिने? दर शनिवारी तू तुझी मुलगी हसत हसत माझ्या गाडीत बसवत होतीस! तोंडाला कुलूप लावलं होतं का?"

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं आता तरी ही ओरडेल. तिने बाटली पिशवीत टाकली, मागचं दार उघडलं आणि सीटकडे बोट दाखवलं.

"मी सांगायला आले होते एका शनिवारी," ती म्हणाली. "तुम्ही काच खाली करून म्हणालात, ऐक, गाडी काळी चारमध्ये गाते आहे. मला नाही बोलता आलं, आई. मग त्या दिवसापासून मी तिला उजव्या बाजूला बसवायला लागले. चाक गेलंच तर ती त्या चाकावर नको, म्हणून."

मी त्या सीटकडे बघितलं. उजव्या बाजूला बिस्किटांचा चुरा पडला होता, दोन महिन्यांचा. डावी बाजू स्वच्छ होती. म्हणजे दर शनिवारी सकाळी सात वाजता, मी स्टिअरिंगवर बसून हिच्याकडे बघून हसत असताना, ही बाई माझ्या मागे वाकून आपल्या पोरीचा पट्टा बांधत होती आणि हे चाक आज निघालं तर पोर कुठल्या बाजूला असलेली बरी याचा हिशेब करत होती. तिला ते सोपं गेलं. मला एक वाक्य सांगणं मात्र तिला जमलं नाही.